वरचेवर मरणारे अंकल

जगात सगळ्यात जास्त वेळा मेलेला माणूस बहारीनमध्ये, गुदैबियातल्या एका तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दर शुक्रवारी सकाळी माझ्याबरोबर मासळी बाजारात येतो, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. पण तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा असल्यामुळे मला ते पटवून घ्यावंच लागतं. अंकल अमेरिकन. पेशाने नट आणि पटकथालेखक. नट म्हणून सिनेमात त्यांनी काय केलं, तर ते मेले. बँकेवरच्या दरोड्यात पहिली गोळी ज्या कारकुनाला लागते, तो कारकून अंकल. राजाच्या ताटातलं विष ज्याच्यावर आधी तपासून बघतात, तो आचारी अंकल. खलनायक किती क्रूर आहे हे प्रेक्षकांना कळायला कुणीतरी लवकर मरावं लागतं, आणि हे काम हॉलिवूडने वर्षानुवर्षं मोठ्या विश्वासाने त्यांच्यावर सोपवलं. बरं, मरायचं तेही वरवर नाही. त्या कारकुनाच्या आईला दमा होता, बायको रुसून माहेरी गेली होती आणि त्या सकाळी त्याने नवे मोजे घातले होते, हे सगळं अंकलनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. वसईच्या मोठ्या मावशीने बहिणीचा अमेरिकन नवरा बघायचा म्हणून तो सिनेमा मुद्दाम लावला. ती चष्मा शोधेपर्यंत अंकल मेलेले होते. तेव्हापासून दर नाताळला ती फोनवर विचारते, “अगं, पण तुझा नवरा नक्की करतो काय?”

मावशीची आणि त्यांची गाठ पडली तीही मरणाच्याच निमित्ताने. अस्करच्या पुढे वाळवंटात कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग होतं. अंकलनी उंटावरून पडून मरायचं होतं. उंटाला पटकथा माहीत नसावी, त्याने त्यांना जरा आधीच आणि चुकीच्या बाजूला पाडलं. खुबा मोडला. सिनेमावाले दुसरा माणूस मारून निघून गेले आणि अंकल इस्पितळात, मावशी नर्स होती त्या वॉर्डात येऊन पडले. पहिल्याच दिवशी त्यांनी जरा नाटकी सुरात कण्हायला सुरुवात केली, तेव्हा मावशीने त्यांना बजावलं, “मिस्टर, माय ड्यूटी टाइम, नोबडी डायिंग.” एवढ्या अधिकाराने त्यांच्याशी कुठला दिग्दर्शकही बोलला नव्हता. खुबा सांधला तरी अंकल अमेरिकेला परत गेले नाहीत.

त्यांचं मराठी मावशीने वॉर्डात शिकवलेलं, त्यामुळे ते सगळं पेशंटला देण्याच्या हुकमांचं आहे. ‘कूस बदला’, ‘श्वास सोडा’, ‘गोळी चावू नका’ एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालतो. मासळीवाल्याकडे सुरमईची दुसरी बाजू बघायची असली की ते “कूस बदला” म्हणतात आणि तो बांगलादेशी बिचारा बदलतो. आमच्या नातेवाइकांच्या पोरांना मात्र त्यांच्या भाषेत रस नाही. ती इंग्रजीत ओरडतात, “अंकल, मरून दाखवा!” अंकल गंभीरपणे विचारतात, गोळी, विष की थंडी? एका बाप्तिस्म्याच्या जेवणात त्यांनी विष घेतलं आणि सोफ्यावरून असे घरंगळले, की नव्याने राहायला आलेली केरळची एक नर्स धावत येऊन त्यांची छाती दाबायला लागली. शॉट संपल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत हा अंकलचा धर्म. ती बाई फासळ्या मोडायच्या बेताला आली, तेव्हा मावशी लांबूनच म्हणाली, “उठा आता, बिर्याणी गार होतेय.” मगच उठले.

लेखक म्हणून त्यांची गत आणखी न्यारी. शूटिंग तोंडावर आलं आणि पटकथा चालेना झाली, की निर्माते अंकलना बोलावत. अंकल ती दुरुस्त करून देत, आणि पडद्यावर नाव मूळ लेखकाचं येई. ही दुरुस्तीची खोड अजून गेलेली नाही. मी ऑफिसात रजेचा अर्ज करणार होतो, तो त्यांनी बघितला. इंग्रजीत म्हणाले, “तुझा ताप दुसऱ्याच वाक्यात उतरतो. मग साहेबाने पुढे का वाचायचं?” त्यांनी तो अर्ज असा काही रचला, की सनाबिसच्या आमच्या ऑफिसातून साहेबाचा घरी फोन आला आणि घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, “टेक केअर, भाई, पूरा हफ्ता रेस्ट करो.” मला साधी सर्दी होती.

पण या दुरुस्त्यांमधून वेळ काढून ते बरीच वर्षं स्वतःची एक पटकथा लिहीत होते. सकाळी खालच्या हॉटेलात करक, म्हणजे इथला दुधाळ कडक चहा, घेऊन बसायचे आणि लिहायचे. विषय मावशी. बहारीनमध्ये एकटी आलेली वसईची एक नर्स, बस्स. एका निर्मात्याला बहारीनच्या जागी दुबई हवी होती. अंकल नाही म्हणाले. दुसऱ्याला नर्स पंचविशीची हवी होती. पुन्हा नाही. यंदा मात्र एक खरोखरचा, पैसेवाला निर्माता मिळाला. त्याला सगळं आवडलं. बहारीन आवडलं, मावशीचं वय आवडलं, अंकलचं नाव पडद्यावर स्वतंत्रपणे येणार हेही कबूल झालं. अट एकच होती. शेवटी नर्सने मरायला हवं.

अंकलनी जागच्या जागी नकार दिला. मावशी तव्यावर सुरमईच्या तुकड्या परतत होती, ती उलथनं घेऊनच बाहेर आली. “मग मारा की मला! कागदावर मेले म्हणून काय मी मरणाराय? तुम्ही एवढ्या वेळा मेलात, मी काही बोलले?” अंकल म्हणाले, “नो.” मावशी माझ्याकडे वळली. “सांग रे ह्यांना. वसईच्या थेटरात एकदा ह्यांचं नाव येऊ दे. मोठीला चष्मा लावून पहिल्या रांगेत बसवते मी.” तिचं सगळं मन त्या नावात अडकलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मेलेल्या आणि दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या नवऱ्याचं नाव एकदा तरी मोठ्या अक्षरांत दिसावं, त्यासाठी ती हव्या त्या रोगाने मरायला तयार होती. आणि हा गृहस्थ तिला साधा खोकलाही होऊ द्यायला राजी नव्हता. निर्मात्याने विचार करायला आठवडा दिला. त्या आठवड्यात दोघं एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होती.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर अंकल केस कापायला गेले, तेव्हा मावशी म्हणाली, “वाच बघू मला ते. कळू दे तरी एवढा हट्ट कशाला.” इतक्या वर्षांत तिने त्यातलं पानही वाचून घेतलं नव्हतं. मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. सुरुवातीला ती चुका काढत होती. “असं सलाइन कुणी लावतं का?” “मी असं कधीच बोलले नाही.” जरा थांबून, “बोलले असेन.” मग ती खुर्ची ओढून जवळ सरकली. शेवटचा प्रसंग आला. नर्स ड्यूटीवरून येते. नवरा दार उघडतो, बादलीत कोमट पाणी आणून ठेवतो, ती त्यात पाय सोडून बसते. तो चहा देतो. ती म्हणते, साखर कमी आहे. मी पान खाली ठेवलं.

“पुढे?” मावशीने विचारलं.

“संपलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिने स्वतःच्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं. मग “साखर कमीच घालतात मेले,” एवढं म्हणून पदर नसताना गाउनच्या बाहीने तिने डोळे पुसले आणि भांडी घासायला उठली.

निर्मात्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा लॅपटॉप सांभाळायला मी होतो. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. निर्मात्याने गोड हसून विचारलं, मग, काय ठरलं? अंकलनी तोंड उघडायच्या आत मागून मावशी आली, ओल्या हाताने त्यांना बाजूला सारून तिने स्क्रीनमध्ये तोंड घातलं. “सर, आय अॅम द नर्स. आय अॅम नॉट डायिंग. खलास.” निर्माता म्हणाला, या बाई फारच उत्तम आहेत, या कोण? त्यानंतर त्याचा फोन आला नाही. सिनेमा निघाला नाही, वसईत नाव आलं नाही, आणि यंदाच्या नाताळलाही मोठ्या मावशीने तोच प्रश्न विचारला. मावशी म्हणाली, “लिहितात. छान लिहितात.” आणि विषय बदलला.

परवा बाजारात पापलेटं निवडताना मी अंकलना विचारून टाकलं, सिनेमा गेल्याचं वाईट नाही का वाटत? ते एक पापलेट उचलून त्याचे कल्ले बघायला लागले. मावशीची ही शेवटची काही महिन्यांची नोकरी. शुगर वाढलीय, रात्री पायात गोळे येतात, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. मग इंग्रजीत, पण अगदी हळू म्हणाले, “त्या चहाच्या पुढचे प्रसंग मला येतात रे. कुठल्याही लेखकाला येतील. पण ते मी कशाला लिहू? तिला ते तसेही करावे लागतील, आणि मलाही.”

मासळीवाला पिशवी पुढे करून उभा होता. अंकलनी ती घेतली, घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, “यल्ला, चल. ती ड्यूटीवरून यायच्या आत पोचू.” मी गाडी जरा जास्तच जोरात हाकली.