नसीमचा मामू गेटवर आला होता

"हिला मागं घ्या. तोंडावर गजकर्ण आहे, फोटोत नको."

पेणच्या बालगृहात मी तेव्हा तेरा वर्षांची. देणगीदार बाईंच्या मुलाचा वाढदिवस. केक त्यांचा, टाळ्या आमच्या. त्यांनी असं म्हणताच अधीक्षिका बाईंनी मला दंडाला धरून मागच्या रांगेत ढकललं आणि माझ्या जागी नसीमला उभं केलं. लांब वेणीची, गोरीपान. माझ्या शेजारच्या गादीवरची. माझ्या गजकर्णाला मलम तीच लावायची.

जळायचं होतं त्या देणगीदार बाईंवर. जळले नसीमवर.

फोटोत ती. पुढच्या रविवारी बाईंच्या वडखळच्या बंगल्यावर जेवायला ती. वर तिला कुवेतला मामू. माझ्या कागदावर ‘पालक: नाही’.

ती बंगल्यावर गेली आणि इकडे मामू आला. न कळवता. त्याची सुट्टी संपत आलेली, हातात कागदपत्रं. अधीक्षिका बाईही बंगल्यावरच. स्वयंपाकीणबाईनं मला पाणी घेऊन गेटवर पाठवलं.

"नसीमला सांग बेटा, मामू न्यायला आलाय."

"ती नाय यायची. तुमचं नाव काढलं का रडते. तिला हितंच बरं वाटतं."

"खरं बोलतेस?"

"व्हय."

त्यानं पाणी पिऊन ग्लास परत दिला. गेला. मी कुणाला सांगितलं नाही. नसीम अजून चार वर्षं राहिली. भेटीच्या दर रविवारी वेणी घालून पायरीवर बसायची. मी तिच्या शेजारी.

आज नसीम आयर्लंडमध्ये मुलांच्या वसतिगृहात काम करते. मी रोह्यात, मुलींच्या बालगृहात काळजीवाहिका. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "हितं सहाच पोरं गो. ज्याच्या त्याच्या खोलीला चावी. कोण भेटायला आलं तर आधी पोराला विचारतात, भेटायचंय का." पन्नाशीला टेकले तरी त्या परक्या पोरांवर जळले. तिच्यावरही, पुन्हा.

गेल्या रविवारी जिते गावाहून एका मुलीची आजी आली. आमचे अधीक्षक सर म्हणाले, "आजीला सांगा पोरीला ताप आहे, पुढच्या महिन्यात या. पोरगी नाचात पुढं आहे, पाहुणे येतील आता."

जिभेला सवय होती. शब्द तयारच होते.

"नाय सांगणार," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही कंत्राटी आहात."

"ठाऊक हाय."

आजीला आत आणलं. मुलीला तिच्यापाशी बसवलं. नाच तिच्याविना झाला.

मग नसीमला फोन लावला. तेव्हा गेटवर मामूला काय बोलले ते सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मामू वारला तेव्हा मी गेले नाय. त्याला मी नको होते, असंच धरून बसले होते." तिनं फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही.

तिनं माफ करू नये. मी मागणारही नाही.

सरांना लिहून दिलंय. भेटीच्या दिवशी गेटवर मी बसणार. आलेल्या माणसाला परत पाठवायचं तर ते त्या मुलीनं स्वतः येऊन सांगावं. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही. काढायचं तर मला काढा. खाली सही केलीय.