खडकावरचा फोटो

निवृत्त झालो तरी ही केस अजून मनातून गेलेली नाही.

मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके सकाळी हजेरी चालू असतानाच नवलाख उंबरे गावचा एक म्हातारा शेतकरी येऊन बाकावर बसला. त्याची मुलगी आणि कारखान्यात कामाला असलेला जावई पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या बंदराच्या शहरात फिरायला गेले होते. जावई एकटाच परतला. वाळूत उभे असताना लाट आली आणि ती ओढली गेली, असं त्याचं म्हणणं. तिकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती, अंत्यसंस्कारही उरकले होते.

"साहेब, माजी पोर पाण्याला लय भ्यायची. गावच्या तळ्यात कंदी पाय घातला न्हाई तिनं. ती लाटंत कशी जाईल?"

"आबा, समुद्राचं काही सांगता येत नाही," म्हणत मी त्याला घरी पाठवलं.

तो रोज येत राहिला. सातव्या दिवशी मी जावयाला बोलावलं. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा शब्दाला शब्द तोच. खरं सांगणारा माणूस अडखळतो, मागं येऊन स्वतःचंच बोलणं दुरुस्त करतो. हा पाठ केल्यासारखा बोलत होता. म्हाताऱ्याची फिर्याद घेतली, हद्द आमची नव्हती म्हणून शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तिकडच्या ठाण्याकडे वर्ग केला आणि एका हवालदाराला घेऊन मीही मदतीला गेलो.

एवढं मोठं बंदर मी प्रथमच पाहत होतो. क्षितिजावर जहाजांची रांग, धक्क्यावर अजस्र क्रेन, हवेत मासळीचा वास. भाषा कळत नव्हती. स्थानिक फौजदाराला बरोबर घेऊन दोन दिवस आम्ही त्या जोडप्याच्याच वाटेनं फिरलो. किनाऱ्यावर पर्यटकांचे फोटो काढून विकणारे बरेच जण होते. त्यातल्या एकानं मुलीचा फोटो ओळखला. "यांचा फोटो काढला तेव्हा नवरा माझ्या अंगावर ओरडला होता," तो म्हणाला. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात तसाच होता. वाळूपासून बरंच लांब, काळ्या खडकांवर दोघं उभी. तिची पाठ समुद्राकडे आणि दोन्ही हातांनी तिनं नवऱ्याचा दंड घट्ट धरलेला.

तो फोटोवाला दर पंधरा-वीस दिवसांनी कार्ड पुसायचा. मी आणखी चार दिवस घालवले असते, तर हाती काही लागलं नसतं.

जावयापुढं फोटो ठेवला. खडकांकडे आपण गेलोच नव्हतो, असं तो आधी लिहून देऊन बसला होता. त्यानं फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "ती हात सोडीना, साहेब. मीच सोडवला."

त्याला दुसरं लग्न करायचं होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. खटला उभा राहिला तो त्या फोटोवर आणि फोटोवाल्याच्या साक्षीवर. जन्मठेप झाली.

निकाल सांगायला मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, "पोरीला लय येळ लागला का, साहेब?"

"नाही आबा, लगेच गेली," मी म्हणालो. मला ते माहीत नव्हतं.

बाप आपल्या लेकीबद्दल एक साधी गोष्ट सांगत होता, आणि मी समुद्राबद्दल बोलत होतो. त्यानंतरच्या नोकरीत कुणालाही ऐकून घेण्याआधी घरी पाठवलं नाही. पण ते सहा दिवस माझ्या नावावर आहेतच.