शेजारणीच्या विम्यातली शिलाई मशीन

मे १९८२, सोमवार, सकाळचे दहा. ठिकाण: वाडीतली आमची भाड्याची खोली, म्हणजे तिचं जे उरलं होतं ते. हजर: मी, माझे यजमान, शेजारीण, घरमालक आणि विमा कंपनीतर्फे पाहणीला आलेला माणूस. गैरहजर: शेजारणीचे यजमान, गोदामात ड्यूटीवर.

आग शनिवारी लागली. शेजारणीच्या आणि आमच्या खोलीमध्ये नुसती फळ्यांची भिंत होती, वर एकच कवेलूंचं छप्पर. नळ सकाळी अर्धाच तास यायचा. मी अंगणातून ओरडले, "अवं, नळ आला! नंबर जाईल तुहा!" ती पेटता स्टोव्ह तसाच सोडून बादल्या घेऊन धावली. तिच्या खिडकीला उन्हासाठी लावलेले वाळ्याचे तट्टे पाण्याअभावी कोरडे होते. ते पेटले, मग फळ्या पेटल्या. माणसं वाचली. माझी शिलाई मशीन गेली. ब्लाउज शिवून मी जे कमवायची ते त्या मशीनवर.

शेजारणीने घरसामानाचा विमा काढला होता. तिच्या यजमानांनी गोदामात कापसाच्या गासड्या जळताना पाहिल्या होत्या. तेव्हा मी तिला हसले होते, "आता आगबी विकत घेऊन राहिली का वं?" आधी तिचा कूलर आला, मग लोखंडी कपाट, मग विमा. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

पाहणीवाल्याने जळलेल्या सामानाची यादी मागितली. शेजारणीला चार वस्तूंपुढे काही आठवेना. मी वही काढली आणि लिहीत गेले: कपाटाच्या वरच्या खणात काय होतं, मधल्या खणात काय, जरीच्या साड्या किती, स्टीलचे डबे किती आणि त्यातला कोणता पोचे आलेला. सहा वर्षं तिच्याकडे विरजण मागायला जाताना मी दुसरं काय पाहत होते?

"बाई, तुम्ही नेमक्या कोणत्या खोलीत राहता?" त्या माणसाने विचारलं. शेजारीण पदर तोंडाला लावून हसली.

मग त्याने दुसरं कलम सांगितलं. तिच्या चुकीने लागलेल्या आगीत दुसऱ्याचं काही जळलं असेल, तर तेही कंपनी भरून देणार. मात्र ज्याचं जळलं त्याने तसं महिन्याभरात लेखी द्यायचं, कारणासकट. घरमालकाने छपरासाठी उभ्याउभ्याच लिहून दिलं. माझ्यापुढे कागद आला.

"लिही ना वं, शेजारणीनं स्टोव्ह पेटता ठेवला म्हणून. तुही मशीन येईल," शेजारीण म्हणाली.

"हाक तं म्या मारली होती तुले."

"हाक तं तू रोजच मारते. स्टोव्ह म्याच सोडला ना?"

"काहून अडून राहिली?" यजमान म्हणाले. "ती सोताच म्हणते तं लिहून दे."

मी वही मिटली. उद्या लिहिते म्हणाले. यजमानांना सांगितलं की शेजाऱ्याच्या नावाने तक्रार लिहिणं मला पटत नाही. ते खोटं होतं. तिच्या विम्यातून आलेली मशीन माझ्या घरात उभी राहणार आणि प्रत्येक ब्लाउजला मला ते आठवणार, हे मला सोसवत नव्हतं. कपाट तिचं, विमा तिचा, वर मोठं मनही तिचंच.

महिना निघून गेला. तिच्याकडे नवं कपाट आलं, पहिल्यापेक्षा मोठं. ते आत नेताना मी एक बाजू धरली होती. माझी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आणि चार वर्षं मी हाताने फॉल लावत बसले. तिला वाटलं, मी तिची अब्रू राखली. चारचौघांत ती तसं सांगायची आणि मी सांगू द्यायची.

ती आता कोराडीला कॉलनीत राहते. थेट बस आहे, अर्ध्यापाऊण तासात पोचते. तेव्हा लिहून का दिलं नाही, हे तिला समोर बसून सांगायचं आहे. दर सोमवारी आठवड्याच्या कामांची यादी करते, तेव्हा हेही लिहिते. या आठवड्यातली बाकीची कामं झाली.