कवाड नसलेल्या गावातला बंद डबा

उजेड सरळ चालतो. त्याला वळता येत नाही, माणसाला येतं. एवढी एक गोष्ट नीट कळली म्हणून विमलबाईला शनिशिंगणापुरात अंधाराची खोली बांधता आली.

चाळीस वर्षं होत आली त्याला. पाथर्डीकडचा सहादू फोटोग्राफर लाकडी कॅमेरा, तिपाई आणि नवी बायको एवढा संसार घेऊन या गावात उतरला. शनिवारी माणूस मावत नाही असं गाव. यात्रेकरूंचा फोटो काढायचा, वहीत पत्ता उतरून घ्यायचा आणि आठवड्यानं टपालानं फोटो धाडायचा, असा त्याचा बेत. पण फोटो धुवायला अंधार लागतो, आणि या गावात घरांना चौकटी आहेत, कवाडं नाहीत.

सहादू म्हणाला, "आपुन बुद्धाचे. आपुन कवाड लावलं तर कोन इचारतंय?"

विमलबाई तेव्हा वीस वर्षांची. ती म्हणाली, "देवाचं ऱ्हाऊ द्या बाजूला. सारा गाव उघडा झोपतो, आन् परगावचं आपुन येऊन कवाड लावायचं? लोक म्हनतील, ह्यांना आमचं भ्या वाटतंय."

मग तिनंच गवंड्याला समोर बसवून मातीत काडीनं रेघा ओढल्या. खोलीत जायला अरुंद बोळ. बोळाला तीन वळणं. भिंती आतून काजळीनं काळ्या, आणि शेवटच्या वळणावर दुहेरी घोंगडी. पहिल्या वळणावर उजेड थकला, दुसऱ्यावर बसला, तिसऱ्यावर मेला. कवाड कुठंच नाही आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. गवंडी जाताना म्हणाला, "वैनी, ही खोली न्हाई, उंदराचं बीळ हाय." पण त्या बिळातून पुढं कितीतरी वर्षं हजारो माणसं उजेडात आली.

काम वाटलेलं होतं. फोटो सहादूनं काढायचा, विमलबाईनं धुवायचा. आत घड्याळ दिसत नाही, म्हणून ती त्रिशरण आणि पंचशील म्हणायची, संथ, एका चालीत. सात वेळा म्हणून झालं की फिल्म औषधातून बाहेर. तिचं पठण कधी चुकलं नाही आणि फोटो कधी बिघडला नाही. तरी गाव सहादूला फोटोग्राफर म्हणे आणि तिला फोटो धुणारी. कॅमेऱ्याला हात लावायची तिला बंदी होती. "तुझं हात हायपोचं," सहादू म्हणायचा, "भिंगावर डाग पडत्याल." ते खोटं नव्हतं. हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाच्या पाण्यानं तिची बोटं इतकी गुळगुळीत झाली की आता रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घेत नाही. दुकानदार दर महिन्याला म्हणतो, "मावशी, तुमी कागदोपत्री हायेत का नाय, ह्येचाच मला संशय येतो."

मग मोबाईल आले. सहादूनं कॅमेरा धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि तसबिरींना चौकटी मारायचं दुकान घातलं. खोली तेवढी तशीच राहिली.

धाकटी लेक अश्विनी नगरला नोकरीला लागली. त्या शहराचं नाव आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसताना ती नगरच म्हणते. तिची कचेरी परदेशातून माल मागवणाऱ्यांचे कस्टमचे कागद भरते. कुठली वस्तू सरकारच्या कोणत्या घरात बसते आणि तिला किती कर लागतो, हे ठरवायचं काम. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "आई, तुला यंदा काय आणू? साडी सोडून सांग."

विमलबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मला येक फोटो काढायचाय. पैल्यापास्नं शेवटापत्तुर माझ्या हातानं."

"कुणाचा?"

"ह्येंचा. सगळ्या दुनियेचं फोटो काढलं, सोताचा येक न्हाई."

सहादू चौकटीला खिळा मारत होता. "मोबाईलवर काढ की. दाबलं का झालं."

"मोबाईलात अंधार कुठंय?" विमलबाई म्हणाली. "मी नुसती धुनारी हाय का काढनारीबी हाय, येवढंच मला बघायचंय."

त्या दिवशी सहादूचा खिळा वाकडा गेला.

त्या लाकडी कॅमेऱ्याला चार बाय पाच इंचाची सुटी, सपाट फिल्म लागते. ती नगरला नाही, पुण्यातल्या दुकानात विचारलं तर पोरं हसली. अश्विनीनं परदेशातल्या एका दुकानात शोधून काढली. त्याच्याकडं शेवटचा एक डबा होता, पंचवीस पानांचा. तिच्या मालकानं कचेरीच्या परवान्यावर एकदाच, हौस म्हणून, मागवू दिला.

कागद भरायचे म्हणून अश्विनीनं मोबाईलवर जकातीच्या पुस्तकातला सदतिसावा अध्याय उघडला आणि आईला मराठीत सांगू लागली. "कोरी सपाट फिल्म, ती सदतीस-शून्य-एक. कोरी गुंडाळीची, ती दोन. फोटोचा कागद तीन. उजेड पाहिलेली पण अजून न धुतलेली, ती चार..."

"थांब." विमलबाईनं पिठाचे हात पुसले. "चौथं परत वाच."

अश्विनीनं वाचलं.

"आन् पाच?"

"पाहिलेली आणि धुतलेली."

विमलबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "म्हंजी सरकारला ठावं हाय, का फिल्म आदी बगती आन् मागनं बोलती. मधी ती गप असती, त्येलाबी येगळं घर दिलंय."

"आई, सरकारला फक्त कर लावायचा असतो."

"असंल. पन ज्यानं लिव्हलं, त्यो कदीतरी अंधारात उभा ऱ्हायलेला मानूस हाय."

मग तिला नादच लागला. अश्विनी आली की ती विचारायची, पुढं काय लिहिलंय? एका ओळीत होतं की जिची कुठलीही बाजू दोनशे पंचावन्न मिलिमीटरपेक्षा मोठी, ती सपाट फिल्म वेगळी धरायची. दोनशे पंचावन्नच का? विमलबाईनं दुकानातली मापाची पट्टी आणली. "दहा इंच म्हंजी किती मिलिमीटर?"

"दोनशे चोपन्न."

विमलबाई खुदकन हसली. "येक ढील सोडलाय बग! दहा इंचाची फिल्म केसभर जास्त भरली तर बिचारीला दुसऱ्या घरात ढकलू नये म्हनून. ह्ये शिंप्यानं लिव्हलंय."

सहादू म्हणाला, "आता हिला कस्टमात साहेब करा."

आणि तेव्हाच मुंबईला डबा अडकला. पाठवणाऱ्यानं वरच्या कागदावर नुसतं 'फोटोचं साहित्य' लिहिलं होतं. कस्टमकडून कचेरीला प्रश्न आला: आत फिल्म आहे तर सपाट की गुंडाळी? कोरी की पाहिलेली? डबा उघडून तपासण्यात येईल. त्यांचंही बरोबरच होतं. न बघता घर कसं ठरवायचं?

सहादूनं ऐकलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली. "उघडला का संपलं. पंचवीसच्या पंचवीस काळ्या." आवाजात टोमणा नव्हता, म्हणून विमलबाईला जास्त लागलं.

या गावात सगळं उघडं. पेट्या उघड्या, घरं उघडी, दुकानं उघडी. आणि जगातली एकच वस्तू जी उघडायची नाही, ती शंभर कोसांवर परक्या माणसाच्या टेबलावर. विमलबाई बोळात जाऊन तिसऱ्या वळणावर थोडा वेळ उभी राहिली. बाहेर आली ती म्हणाली, "अश्विनी, कागद घे. मी सांगते तसं लिव्ह."

"इंग्रजीत लिहावं लागेल."

"मराठीत लिव्ह," सहादू मध्येच म्हणाला. "मुंबई काय आमेरिकेत हाय?"

अश्विनीनं वर मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहिलं. ते असं:

'साहेब, जयभीम. डबा तपासणं तुमचं काम आहे, जरूर तपासा. पण डोळ्यांनी नको, बोटांनी तपासा. बिनखिडकीची खोली असली तर उत्तम. नसली तर जाड काळा कोट घ्या, डबा त्यात ठेवा, बटणं लावा, वरून चादर टाका आणि बाह्यांतून उलटे हात आत घाला. डब्याला एकात एक तीन झाकणं आहेत. आत काळं पाकीट, पाकिटात पंचवीस पानं. एक पान हातात धरा. ताठ आहे, म्हणजे गुंडाळी नाही. कोपऱ्यावर खाच लागेल. खाच उजव्या हाताला वर आली की फिल्मचं तोंड तुमच्याकडं आहे असं समजा. उजेडात उघडलीत तर ती सदतीस-एक आहे का हे बघता बघता ती सदतीस-चार होऊन जाईल, आणि मग तुम्ही लिहिलेलंही चुकीचं ठरेल. विमलबाई, फोटो धुणारी.'

"मुंबईच्या उकाड्यात कोट कोन घालतंय?" सहादू म्हणाला.

"ज्येला बघायचंय त्यो शोधील."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. कर भरला गेला, आणि बाराव्या दिवशी अश्विनी डबा घेऊन आली. तिचं तोंड बघूनच कळलं. डब्याची मूळ चिकटपट्टी कापलेली होती आणि वरून दुसरी लावलेली. सोबतच्या कागदावर शिक्का: तपासलं, सदतीस-शून्य-एक मान्य. कसं तपासलं, कोटात की दिव्याखाली, त्याबद्दल एक अक्षर नाही.

"आई, मी निदान एकदा स्वतः जायला हवं होतं गं," अश्विनी म्हणाली.

विमलबाईनं डबा हातात घेतला. तोलून पाहिला. कानाशी धरला. बंद डब्यातली फिल्म कोरी आहे की जळलेली, हे वरून जगातल्या कुणालाच कळत नाही. तिला भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती.

"एक पान तसंच धुऊन बघ," अश्विनी म्हणाली. "खराब निघालं तर बाबांना उगाच बसवायला नको."

"न्हाई. सगळ्यात वरचं पान ह्येंच्यासाटीच. काय असंल त्ये फिल्मच्याच तोंडनं कळू दे."

तिनं अंधारात जाऊन वरचं पान कॅमेऱ्यात सरकवायच्या चपट्या चौकटीत भरलं. बाहेर सहादूला स्टुलावर बसवलं, पाठीमागं विटकरी भिंत. मग उभ्या जन्मात पहिल्यांदा ती कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली गेली आणि आतून ओरडलीच.

"आवं, तुमी उलटं दिसताय! डोकं खाली, पाय वर!"

"तसंच दिसतंय त्ये. इतकी वर्सं मी सगळ्यांना तसंच बगितलंय."

"मला कदी सांगितलं न्हाई?"

"तू कदी इचारलं न्हाई. भिंग जरा म्होरं घे. अजून. अगं, डोळ्याकडं बघ, मिशीकडं न्हाई—"

"गप बसा. तोंड हलतंय तुमचं."

सहादू गप बसला. तिला त्याच्याकडं असं, काही काम न सांगता, सरळ बघायला कधी मिळालं नव्हतं. उलटा का होईना, नवरा होता. भरलेली चौकट कॅमेऱ्यात सरकवून तिनं बटण दाबलं. टक् असा एवढासा आवाज झाला.

मग ती बोळात गेली. अश्विनी दुसऱ्या वळणापर्यंत आली आणि थांबली. सहादू बाहेरच, बोळाच्या तोंडाशी, चौकटीला हात लावून. आतून पंचशीलाचा आवाज येऊ लागला, संथ, एका चालीत. दोघंही मनातल्या मनात मोजत होते. सातव्यांदा संपल्यावर पाण्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

विमलबाई बाहेर आली ती ओली फिल्म दोन बोटांत धरून. तिनं ती आभाळाकडं केली. काळी नव्हती. सहादू होता. पांढरे केस काळेभोर, काळा चेहरा उजळ, मिशीचा केस न् केस मोजावा असा. डोळ्यात हसू दाबलेलं.

"डोळ्याकडंच बगितलंस," सहादू हळूच म्हणाला.

पण विमलबाई कोपऱ्याकडं बघत होती. खाचेच्या शेजारी एक ठसा होता. अंगठ्याचा. वर्तुळात वर्तुळ, शेतातल्या पाभरीच्या ओळींसारख्या रेघा, स्वच्छ.

"हात लागला वाटतं तुझा, भरताना," सहादू म्हणाला.

तिनं स्वतःचा अंगठा वर केला. गुळगुळीत, दगडी पाट्यासारखा. रेशनच्या यंत्राला न दिसणारा. सहादूनं फिल्मला हात लावला नव्हता, अश्विनी खोलीत गेलीच नव्हती.

"घातला गं त्येनं कोट," विमलबाई म्हणाली. "अंधारात हात घालून खाच शोधली. दिव्याखाली बगितलं असतं तर अंगठा कशाला लावला असता?"

अश्विनीला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही. विमलबाई त्या ठशाकडं किती तरी वेळ बघत होती. कोण असेल? बाई की बाप्या? चादरीखाली घाम आला असेल का? बाजूचे लोक हसले असतील का? आणि खाच बोटाला लागली तेव्हा त्यालाही आतून काही वाटलं असेल का?

जपून ठेवलेल्या फोटोच्या जुन्या कागदावर तिनं फोटो छापला. सहादूनं स्वतःच्या फोटोला स्वतः सागवानी चौकट केली. तो कोपरा चौकटीखाली झाकायचा त्याचा विचार होता. विमलबाईनं झाकू दिला नाही. चौकट अर्ध्या बोटानं मोठी करावी लागली.

फोटो दुकानात समोरच लावलाय. परवा नाशिकचे एक यात्रेकरू तसबीर घ्यायला आले आणि त्यापुढंच थबकले. म्हणाले, "असा फोटो हल्ली कुठं बघायला मिळत नाही. फोटोग्राफर कोण?"

सहादू सवयीनं ताठ झाला. छातीवर हात नेलाही होता. मग त्यानं तोच हात मागच्या बोळाकडं केला.

"आत हाय ती. हाळी द्या, कवाड न्हाई."