बहारीनला न गेलेला मिलिंद

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजाच्या रस्त्यावर सकाळच्या धुक्यात अडकलो होतो. पुढची गाडी दिसत नव्हती, आणि कानात सुजाता वहिनी म्हणत होत्या, ''भाऊजी, हे गेले हो… झोपेतच.'' काचा बंद होत्या, तरी धुकं आत शिरल्यासारखं वाटलं.

नव्वदच्या दशकात आम्ही तिघं दर शुक्रवारी सकाळी एका फर्निचरच्या गोदामात वाजवायचो. नोएल गिटार वाजवत गायचा, मी ड्रम्सवर, मिलिंद बेस गिटारवर. पोस्ट-पंक म्हणतात तसलं थंड, उदास, एकाच जागी घुमत राहणारं संगीत. मिलिंदनं तार छेडली की सोफ्यांवरचं प्लास्टिक थरथरायचं. वहिनी त्या आवाजाला बोअरवेल म्हणायच्या. हे कोण ऐकणार? पण दुबईच्या एका रेडिओनं आमचं गाणं लावलं, आणि श्रोत्यांच्या फोनांवर ते चक्क टॉप टेनमध्ये चढलं. का, ते देव जाणे! काही आठवडे टॅक्सीत, ग्रोसरीत, पेट्रोल पंपावर मिलिंदचाच बेस घुमत होता, आणि तो स्वप्नात चालल्यासारखा हिंडायचा. अकाउंट्समधला सरळमार्गी माणूस, पण म्हणायला लागला, ''यल्ला, चला, नोकरी सोडतो. आयुष्यभर हेच करायचंय मला.''

तेवढ्यात बहारीनहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तेव्हा आमचे पासपोर्ट आपापल्या कंपनीच्या कपाटात असायचे. मिलिंदनं त्याचा वेळेत मागितला होता. पण त्याचे साहेब उमऱ्याच्या यात्रेला गेले, आणि कपाटाची किल्लीही त्यांच्या खिशातून मक्केला गेली. मिलिंद आम्हाला विमानतळावर सोडायला आला. ''तुम लोग जाओ,'' तो नोएलला म्हणाला, ''अगली बार साथ चलेंगे.'' बहारीनला नोएलनं तिथलाच एक बेसवाला उभा केला. तो फार छान वाजवायचा. नोएलनं त्यालाच ठेवून घेतलं. पुढचं गाणं पडलं, बँड पांगला. मिलिंद हसून ''खलास रे'' म्हणाला आणि अकाउंट्समध्येच राहिला. मला मात्र त्या कपाटाचा अजून राग येतो.

परवा अजमानला वहिनींकडे गेलो. हॉलमध्ये त्याचा बेस भिंतीला टेकून उभा होता.

''वाजवायचे नाहीत कधी,'' वहिनी म्हणाल्या. ''पण दर शुक्रवारी सुरात लावून ठेवायचे. म्हणायचे, नोएलचा फोन आला तर…''

त्यांनी बेस उचलून माझ्या हातात दिला.

''या शुक्रवारी मीच लावला. बघता का, जमलंय का ते?''

मी एकेक तार छेडली. एक चांगलीच उतरली होती.

''अगदी बरोबर लागलाय, वहिनी,'' मी म्हणालो.