मी भरवलेले घास

आमच्या कामात किस्से आपोआप साचतात. मी जळगावच्या एका वृद्धनिवासात सिस्टर आहे. अल्झायमरचे पेशंट सांभाळते. हसवणारे किस्से मी लग्नकार्यात रंगवून सांगते. हे मात्र आजवर कोणाला सांगितले नाहीत.

यावलचे नाना, रिटायर्ड बस कंडक्टर. चहाच्या प्रत्येक घोटाला ठसका! मी म्हणायचे, "नाना, सावकाश! तुमचा कप कोणी पळवत नाही!" सगळा हॉल हसायचा. पंधरा दिवसांत नानांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, चहा फुप्फुसात जात होता. इतका ठसका लागायचा, कोणाच्या लक्षात नाही आलं?"

लक्षात कसं येणार? मी हसत होते ना!

नाना बरे होऊन परत आले. आता चहा फुप्फुसात जाऊ नये म्हणून दाटसर करून चमच्याने द्यायचा. आणखी दोघांना भरवायचं बाकी, म्हणून मी उभ्यानेच भराभर चमचे देत होते. नानांनी हात आडवा घातला. "बाई, आधीचा पॅसेंजर उतरू द्या, मग दुसरा चढवा!"

तेव्हापासून मी स्टूल घेऊन बसते.

दुसऱ्या पेशंट अक्का. त्यांचं वजन उतरत चाललं होतं. चार्टवर मात्र रोज माझ्या अक्षरात 'पूर्ण जेवण'. त्यांची मुलगी विचारायला आली, तर मी ठणकावून सांगितलं, "ताट रोज साफ असतं!" तिने आईचं तोंड पुसायला घेतलं आणि गालातून सकाळची खिचडी निघाली. दुपारचे चार वाजले होते.

तिने ती खिचडी रुमालात घेऊन माझ्यासमोर धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी अक्कांचं सगळं जेवण मिक्सरमधून काढायला लावलं. भाजी, वरण, भात, सगळ्याचा एकच लगदा. अक्का तोंडच उघडेनात. "हट्टी आहेत!" मी म्हटलं. स्वयंपाकीण मंगलाताई म्हणाल्या, "सिस्टर, मी रांधलं, तरी मलाच ओळखू येत नाही. त्या कशा ओळखतील?" दुसऱ्या दिवशी त्यांनी भरीत मऊ घोटून वेगळं वाढलं, वरण वेगळं. अक्कांनी वासानेच तोंड उघडलं!

आणि आबा. धुळ्याकडचे शेतकरी. घास तोंडात तसाच धरून बसायचे. एकदा वीस मिनिटं झाली आणि माझा तोल गेला. "गिळा ना, आबा! एवढंही जमत नाही?"

आबा घाबरले. भरल्या तोंडानेच हळूच म्हणाले, "इसरी गऊ, माय. कसं करतस? तू करी दखाड."

गिळायचं कसं तेच ते विसरले होते; मी करून दाखवावं, म्हणत होते. मी चमचाभर वरण तोंडात घेतलं. आबा माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होते.