उतरत्या तळाचा हौद

वालूरला बन्सीधर नावाचा एक शेतकरी होता. चाळिशीचा, उंचापुरा, उधळलेल्या बैलाची वेसण धरून त्याला जागच्या जागी उभा करणारा. रझाकारांच्या दिवसांत अर्धं गाव घरं सोडून गेलं, तेव्हा बायको-मुलीला सासुरवाडीला पोचवून हा एकटा घर राखत राहिला होता. पण असा माणूस पाण्याला भ्यायचा. ओढ्याला गुडघाभर पाणी असलं तरी गाडीतून खाली पाय टाकायचा नाही. अंघोळ न्हाणीत, बादलीभर पाण्यानं, तीही घाईघाईनं.

कारण जुनं होतं. त्याचा थोरला भाऊ चंद्रभान पोहायला शिकायचं म्हणून सवंगड्यांबरोबर विहिरीत उतरला आणि वर आलाच नाही. बन्सीधर तेव्हा सहा-सात वर्षांचा. भावाचे कपडे सांभाळत काठावर बसला होता. संध्याकाळपर्यंत त्यानं ते कपडे कुणाला घेऊ दिले नाहीत, असं त्याची आई सांगायची. त्या दिवसापासून आईनं त्याला पाण्यापाशी फिरकू दिलं नाही. पुढं आई गेली, तरी तो धाक त्यानं स्वतःच स्वतःला घालत ठेवला.

त्याचं घर गावाच्या कडेला, मळ्याला लागून. परसात उभं राहिलं की पलीकडं मोटेची विहीर दिसायची. त्याला एकच लेक, कोकिळा. तिला रांगता येऊ लागलं तेव्हाच त्यानं विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बैल मोट ओढत मागंपुढं करायचे ती धावेची बाजू तेवढी उघडी राहिली. तिकडं जायचं नाही, हे कोकिळाला अ-आ-ईच्या आधी शिकवलेलं होतं.

पोलीस ॲक्शनला पाच वर्षं होत आली होती, त्या श्रावणातली गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांदीला सुगरणींनी घरटी टांगली होती. कोकिळा दहा वर्षांची. घरट्यातून पिल्लं डोकावतात की नाही ते बघायला ती धावेवरून पुढं सरकली आणि ओल्या दगडावरून पाय निसटला. विहीर तेव्हा पावसानं तुडुंब भरलेली. बन्सीधर दहा-बारा पावलांवर बैलांना वैरण टाकत होता. आवाज ऐकून तो धावला, काठापर्यंत आला, आणि तिथंच त्याचे पाय थिजले. मोटेचा नाडा, तो जाड दोर, हातात घेतला, पण फेकायचं भान राहिलं नाही. पोरीचा हात एकदा दिसला, पुन्हा गेला.

शेजारच्या वावरात कडूबाई खुरपत होती. बन्सीधरच्या भावकीतलीच, पन्नाशीची विधवा. तिचं माहेर सोनपेठकडं, गोदावरीच्या काठावरचं. ती काट्यांतून तशीच आली, लुगड्याचा ओचा खोचला आणि उडी घेतली. कोकिळाला केसाला धरून तिनं वर काढली आणि बन्सीधरला जरबेनं सांगितलं, नाडा सोड. तेव्हा कुठं त्याचे हात हलले.

पोरगी खोकली, रडली आणि तासाभरानं भाकरी मागू लागली. बन्सीधरला मात्र ताप भरला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो बायकोला, कमलबाईला, सारखं तेच सांगत राहिला की विहीर बुजवून टाकायची. कमलबाईनं ऐकून घेतलं आणि मग केळी कशावर जगवायच्या, एवढंच विचारलं.

ताप उतरल्यावर तो कडूबाईकडं लुगडं-चोळी घेऊन गेला. तिनं ते ठेवून घेतलं आणि त्याला ओसरीवर बसवलं.

"बन्सी, तू किती हिरी बुजवशील?" ती म्हणाली. "तुझी बुजवशील, गावातली राहील. गावातली बुजवशील, नदी राहील. पोरीला पवायला शिकव."

"हिरीत न्हाई घालायचो मी तिला, आक्का. तळ दिसत न्हाई तिथं."

"मग तळ दिसंल असं पाणी कर."

ती हे सहज बोलून गेली, पण बन्सीधरच्या डोक्यात ते जाऊन बसलं. गावातल्या पायऱ्यांच्या बारवेत पोरं पोहायची, पण तिथं नारूची भीती. कितीतरी जणांच्या पायातून ते दोऱ्यासारखे किडे निघालेले त्यानं पाहिले होते. शिवाय बाप्ये अंघोळी करतात तिथं पोरीला कसं न्यायचं? त्यापेक्षा आपल्याच परसात हौद बांधावा. न्हाणीतल्या हौदासारखा चिमुकला नको, चांगला ऐसपैस, माणसाला हात-पाय मारता येतील असा. पाणी मोटेनंच येईल, हौदातून पुढं केळीला जाईल. वाया काही जाणार नाही.

दिवाळी झाली आणि तो परसात काठी घेऊन फिरू लागला. जेवता जेवता उठायचा, जमिनीवर रेघ ओढायचा, परत ताटावर येऊन बसायचा. मोट रिकामी होते ते विहिरीचं थारोळं उंचावर, केळीचा वाफा खोलात. म्हणजे हौद मधे हवा, हे लवकर ठरलं. लांबी ठरवायला त्यानं कोकिळाला परसात हात पसरून झोपवलं आणि ती किती वेळा झोपली की पुरे, याचा अंदाज घेतला. पोरीला हा खेळ वाटला. ती मधेच लोळत जाई, आणि त्याला रेघा पुन्हा ओढाव्या लागत.

घोडं अडलं खोलीवर. कमलबाईचं म्हणणं, पोरीच्या कमरेच्या वर पाणी नको. तिनं तर कोकिळाला भिंतीला उभं करून कमरेशी कोळशाची खूणही केली. बन्सीधरला ते पटलं होतं. पण कडूबाई आली, तिनं खूण पाहिली आणि मान हलवली. पाय टेकतोय म्हटल्यावर पोरगी पोहायला कशाला शिकेल, असं तिचं म्हणणं. निदान एका अंगाला डोक्याच्या वर पाणी पाहिजे. यावर नवरा-बायकोची आठ दिवस धुसफूस चालली, आणि गंमत म्हणजे दोघंही एकाच बाजूचे होते. दोघांनाही कडूबाईचं खरं वाटत होतं, आणि दोघांनाही ते नको होतं.

शेवटी तोडगा बन्सीधरलाच सुचला. गाडी ओढ्यात उतरते तेव्हा पाणी एकदम लागत नाही, आधी चाकाची लोखंडी धाव भिजते, मग आरे भिजतात. तसाच तळ करायचा. घराकडच्या अंगाला पायऱ्या आणि पोरीच्या मांडीइतकं पाणी, तिथून तळ उतरत उतरत केळीकडं जाईल आणि तिकडं पुरुषभर खोल होईल. कुठं खड्डा नाही, कुठं अवचित पायरी नाही. पाण्यातला माणूस कुठंही असो, घराकडं तोंड करून चालू लागला की वर आलाच पाहिजे. पाणी सोडायचं भोकही आपोआप खालच्या अंगाला येत होतं. भिंती जमिनीच्या वर छातीइतक्या घ्यायच्या, म्हणजे वासरू किंवा कुणाचं लहान लेकरू आत पडायचं नाही; आणि पायऱ्यांशी दार, कडी-कोयंड्याचं.

बांधायला सटवाजी गवंडी आला. काळ्या मातीची त्याला धास्ती होती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भिंत धरू देत नाही. मुरूम लागेपर्यंत खांदत जा, असं तो म्हणाला. बन्सीधरला घाई झाली होती, आणि मुरमाच्या आधी जरा कठीण माती लागली ती त्यानं पुरेशी मानली. सटवाजीनंही फार ताणलं नाही. दुधना नदीची वाळू आली, दारात मांडलेल्या घाण्यात बैलांनी फिरून चुना मळला, विटा चढल्या. तळाला गिलावा करताना बन्सीधरनं एक गोष्ट आग्रहानं करून घेतली. ओल्या चुन्यावर आडव्या रेघा मारायला लावल्या, घराकडच्या अंगाला दाट, खोलाकडं विरळ. पोरीचा पाय घसरू नये, इतकाच त्यात हेतू.

संक्रांत झाल्यावर हौद भरला. गावातली निम्मी माणसं बघायला आली. कुणी थट्टेनं विचारलं, म्हशीसाठी का? बन्सीधर हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर हौद कोरडा. तळ आणि भिंत जुळते तिथं बोटभर भेग गेली होती आणि पाणी सगळं मातीनं पिऊन टाकलं होतं.

कमलबाई हळहळली. कोकिळा तर पायरीवर बसून मुसमुसू लागली. आणि बन्सीधरला, हे त्यानं पुढं पुष्कळ वर्षांनी बायकोला सांगितलं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. आपण केलं ते केलं, आता देवालाच नको आहे, मोकळे झालो. त्या सुटकेत तो न्याहारी पोटभर जेवला. मग हात धुवायला परसात आला, तर कोकिळा कोरड्या हौदाच्या खोल अंगाला उभी राहून, हात वर करून, पाणी आपल्या डोक्यावरून किती गेलं असतं ते बघत होती. तिच्या तोंडावर भीतीचं नावही नव्हतं.

त्याच दुपारी त्यानं सटवाजीला बोलावणं धाडलं. खालचा तळ फोडला, मुरमापर्यंत खांदलं, भिंतींच्या मागंही काळी माती काढून मुरूम ठोकून भरला. या खेपेला बन्सीधर सटवाजीच्याही पुढं होता. रेघा पुन्हा मारल्या. पाडव्याच्या सुमारास हौद दुसऱ्यांदा भरला आणि पाणी उभं राहिलं. स्वच्छ, तळाच्या रेघा दिसतील असं.

कडूबाईनं कोकिळाच्या कमरेला वाळलेला भोपळा बांधला. पहिले काही दिवस पोरगी नुसती गोल गोल फिरली. मग हात चालू लागले, मग पाय. बन्सीधर रोज काठावर काठी घेऊन उभा, काठी धरून धरून तळहात लाल व्हायचे. वैशाखात भोपळा सुटला आणि कोकिळा या अंगाची त्या अंगाला गेली. कमलबाई तर टाळ्या पिटू लागली. बन्सीधर मात्र मुलगी पायरीला हात लावीपर्यंत श्वास घ्यायचा विसरला होता.

पोरीचं झालं, पण त्याची स्वतःची गत तीच राहिली. तो काही त्या हौदात उतरत नव्हता. वरच्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी घ्यायचा तेवढंच.

पुढं एकदा मायलेकी नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला गेल्या होत्या. भर दुपार, घरात कुणी नाही. केळीला पाणी सोडायचं म्हणून बन्सीधरनं बाहेरून भोकाचा खुंटा काढला, तर धार येईना. आत भोकाशी पालापाचोळा अडकला असणार. काठीनं तो सरकवावा म्हणून तो पायऱ्या उतरला, भिंत धरून मांडीभर पाण्यात गेला, मग कमरेभर. आणखी जरा, आणखी जरा, म्हणताना शेवाळावरून पाय गेला आणि भिंतीवरचा हात सुटला.

पाणी डोक्यावरून गेलं. कानांत घूं घूं आवाज भरला. डोळे उघडे होते, पण दिसत नव्हतं. चंद्रभानलाही असंच झालं असेल, एवढंच त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पाय तळाला टेकले आणि तळव्याखाली एक रेघ लागली. मग बरंच अंतर काही नाही, मग दुसरी. रेघा विरळ आहेत म्हणजे आपण खोलात आहोत, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो तळ त्यानं स्वतः आखलेला होता. रेघा आडव्या, त्या एकेक ओलांडत चढ लागेल तिकडं चालायचं. त्यानं पाऊल टाकलं. चढ लागला. रेघा दाट होऊ लागल्या. चार-सहा पावलांत कपाळ पाण्याबाहेर आलं, मग नाक, मग तोंड.

पायरीवर बसून तो खूप वेळ खोकला. मग त्याला हसू येऊ लागलं. पहिल्यांदा बारीक, मग पोट धरून. पाण्यात गेलो, पाणी डोक्यावरून गेलं, आणि चालत बाहेर आलो. तो उठला आणि या वेळी मुद्दाम, भिंत न धरता, पुन्हा आत गेला. डोकं बुडेपर्यंत गेला आणि चालत परत आला. असं त्यानं किती वेळा केलं कोण जाणे. संध्याकाळी गाडी परसात आली तेव्हा कमलबाईला नवरा हौदात उभा दिसला, हनुवटीइतक्या पाण्यात.

"अहो, काय करायलाव?" ती घाबरून म्हणाली.

"काय न्हाई. अंघोळ करायलोय."

कोकिळा नेसत्या परकरानिशी त्याच्या शेजारी उतरली.

त्यानंतर कडूबाईला आणखी एक शिष्य मिळाला. बन्सीधर चांगला पोहणारा कधीच झाला नाही. पाणी फार उडवायचा, दमायचा लवकर. पण तरंगायला शिकला, आणि ते त्याला फार आवडलं. उन्हाळ्यातल्या सकाळी तो पाठीवर पडून आभाळाकडं बघत राही आणि कमलबाईला दोनदा हाक मारावी लागे. वावरातून येताना ओढा आला की आता गाडीतून उतरून बैलांच्या पुढं चालायचा. आळीतल्या पोरीही हौदावर येऊ लागल्या. पोहून झालं की हौद घासून काढायचा, या अटीवर.

साठ साली कोकिळाचं लग्न झालं. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. गाव सोनपेठच्या खाली, गोदावरीच्या अगदी काठावर. बोलणी चालली असताना कमलबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. नदी मागच्या दारापासून किती लांब आहे, असं त्यानं मुलाच्या वडिलांना विचारलं. हाकेच्या अंतरावर, ते म्हणाले. बन्सीधरनं बरं म्हटलं आणि सुपारी पुढं केली.

पहिल्यांदा मुलीला भेटायला गेला तेव्हा तो तिथं मुक्कामाला राहिला. दुपारी कोकिळा धुणं घेऊन नदीवर निघाली तसा तोही मागं गेला आणि काठावरच्या लिंबाखाली घोंगडी टाकून बसला. पात्र रुंद, पाणी गढूळ, तळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. लेक कमरेभर पाण्यात उभी राहून सासरच्या बायकांशी बोलत, हसत लुगडी पिळत होती. बन्सीधर थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं पटका काढून उशाला घेतला, आणि धुणं आटोपून कोकिळानं येऊन हलवीपर्यंत तो गाढ झोपला होता.